तळटीप : आयोवाच्या दांडेकरबाई

१२. लेखकाने वर ओझरता उल्लेख केलेल्या या बाई म्हणजे स्वाती दांडेकर. जन्म नागपूरचा, १९५१चा. १९७३ साली त्या अमेरिकेत आयोवाला गेल्या. मका आणि सोयाबीनचा हा मुलूख, म्हणजे पिकापुरता तरी परभणीकराला परका नाही. मॅरियन या गावी त्या स्थायिक झाल्या, १९९६ साली तिथल्या शाळा मंडळावर निवडून आल्या आणि २००२मध्ये राज्याच्या विधानसभेवर. त्या निवडणुकीत, भारतात जन्मलेली बाई इथल्या लोकांची मूल्ये कशी जपणार, असा सूर प्रतिस्पर्धी उमेदवाराने एका ईमेलमध्ये लावला होता. ते पत्र फुटले आणि उलट लिहिणारीच्याच अंगाशी आले. पुढे त्या राज्याच्या सिनेटवरही गेल्या. २०११मध्ये आमदारकी सोडली.

मजकुरातील आयोवा आणि परभणीच्या आमदारांची तुलना मात्र जपून वाचावी. आयोवाच्या विधानसभेत १०० जागा, लोकसंख्या सुमारे ३० लाख. म्हणजे एका आमदारामागे जेमतेम तीस हजार माणसे. परभणी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार १८ लाखांवर लोक आणि जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी मिळून आमदार चारच. शिवाय तिकडे अधिवेशन जानेवारीत भरते आणि साधारण पेरणीच्या सुमारास उठते. बहुतेक सदस्यांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळाच असतो. – संपा.