तेरच्या पांढरीतला संसार

आज आपण धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी जाऊ. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. संत गोरा कुंभार तिथलेच. तेरणा नदीच्या काठी त्यांची समाधी आहे. पण गोरोबाकाकांच्याही आधी हजार वर्षांहून जास्त काळ हे गाव भरभराटीला आलेलं होतं. तेव्हा त्याचं नाव होतं तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एका व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं तो सांगतो. तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोच बंदरावर जायची, पुढे जहाजातून परदेशी. ते तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट नावाच्या अभ्यासकानं 1901 च्या सुमारास दाखवून दिलं.

आता विचार करा. एवढं कापड जायचं, तर सूत किती हातांनी कातलं असेल? त्या हातांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. त्यांचा माग लागतो तो मातीत.

आपण गावाची जमीन दोन प्रकारची मानतो. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. घरं पडतात, त्यावर पुन्हा घरं उठतात, राख-माती साठत जाते आणि पांढरीचं टेकाड होतं. तेरला अशी टेकाडं आहेत. पाऊस पडला, नांगर फिरला, की त्यातून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, नाणी वर येत. बहुतेकांच्या लेखी ती खापरंच.

गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांना मात्र त्यांचं मोल कळलं. ते काही सरकारी अधिकारी नव्हते. पण त्यांनी आयुष्यभर या वस्तू गोळा केल्या, घरात जपल्या. बघता बघता हजारो वस्तू जमल्या. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि तेरलाच त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. दरम्यान 1958 साली आणि नंतरही तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन झालं. त्यातून सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली.

या संग्रहालयाची सगळ्यांत गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. तशीच एक मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली होती. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोचली होती. अशी मूर्ती आरशाची मूठ असावी, असं काही अभ्यासक मानतात. कुणीतरी बाई तो आरसा हातात धरून कुंकू लावत असेल की केस विंचरत असेल, कोण जाणे!

मैत्रिणींनो, राजांच्या लढाया पोथ्यांत सापडतात. बाईचा संसार मात्र मणी, बांगडी, मडकं यांतच सापडतो. तो तुकडा फेकला, की तिची आठवणही गेली. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवू.

पहिली, शेतात किंवा पाया खोदताना जुनं काही सापडलं तर ते धुऊन-घासून चकचकीत करू नका, विकू नका. वस्तू कुठं आणि किती खोल सापडली, यावरून तिचा काळ कळतो. ती जागा विसरली की निम्मी माहिती हरवते. तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा होऊ शकते.

दुसरी, आजीचं जातं, उखळ, तांब्याचा हंडा भंगारवाल्याला देण्याआधी वहीत लिहा: वस्तू कुणाची, कुठून आली, काय कामाची. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की प्रत्येकीनं एका वस्तूची हकिकत सांगायची आणि सचिवानं ती उतरवून घ्यायची. आपल्या हातांची नावं तरी लिहिलेली राहू द्या.