भूतदया : ज्ञानेश्वरी ते खिलारांचा माळ

अहिंसा म्हणजे मांसाहाराचा त्याग, एवढाच समज आज बहुतेकांच्या मनी रूढ आहे. मराठी संतपरंपरेने या तत्त्वाची व्याप्ती त्याहून कितीतरी विस्तृत मानली. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ‘अहिंसा’ हा शब्द जाता जाता येतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) त्या एका शब्दावर शंभराहून अधिक ओव्या वेचल्या.

विवेचनाचा आरंभच परखड आहे. पर्जन्यासाठी यज्ञात पशू मारणे म्हणजे फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणे होय, असा त्यांचा आक्षेप. एका जिवाला वाचविण्यासाठी दुसऱ्याचा घात करणारी वैद्यकीही या टीकेतून सुटत नाही. मग येते अहिंसकाचे चालणे : लाट न मोडता पाण्यात पाऊल टाकणारा बगळा, केसर चुरडू नये म्हणून कमळावर अलगद उतरणारा भुंगा. पायांमागून वाणी, दृष्टी, हात आणि अखेरीस मन. जे मनातच नाही ते इंद्रियांत कोठून येणार, हा या प्रकरणाचा गाभा. लीळाचरित्रात पारध्यांपासून सशाला अभय देणारे चक्रधरस्वामी याच शतकातले.

पुढे वारकऱ्यांच्या तुळशीमाळेने मांसाहार वर्ज्य केला, तर गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) जत्रांतील पशुबळीविरुद्ध कीर्तनातून आयुष्यभर आवाज उठविला. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने मात्र कलम २८ अन्वये धर्माच्या रीतीने केलेली हत्या गुन्ह्यातून वगळली. संतांनी अशी सूट दिली नव्हती.

सांगली जिल्ह्यातील विटा परिसर, खानापूर-आटपाडीचा माळ, हा खिलार बैलांचा मुलूख. येथे बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. त्याला न्हाऊ घालून पुरणपोळी भरवितात. तोच बैल शर्यतीच्या मैदानात चाबूक आणि पराणीचा धनी होत असे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. नियमांनुसार काठी, चाबूक व विजेचा धक्का निषिद्ध आहे. त्यांचे पालन होते की नाही, हे धुरळ्यात पाहणार कोण, हा प्रश्न उरतोच.

शर्यत संपल्यावरचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. तेव्हा थकलेल्या बैलाला अखेरपर्यंत पोसण्याचा भार त्याच्या मालकावर येतो. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात, जेथे २०१२-१३ मध्ये जनावरे चारा छावण्यांत बांधावी लागली, तेथे या भूतदयेची किंमत कडब्याच्या पेंढ्यांत मोजली जाते.