महिन्यांची नावे आणि माणसांची नावे

माणसाचे नाव महिन्याला मिळते आणि महिन्याचे नाव माणसालाही मिळते; पण या दोन रीतींत फार अंतर आहे. रोममध्ये इ. स. पूर्व ४४ साली क्विन्टिलिस महिन्याला ज्यूलियस सीझरचे, आणि इ. स. पूर्व ८ साली सेक्स्टिलिसला ऑगस्टसचे नाव देण्यात आले. जुलै आणि ऑगस्ट ते हेच. सत्ताधीशांनी काळावरही आपली नावे कोरली.

आपले महिने आकाशातून आले. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रापाशी येतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले : चित्रेवरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक. ही नावे कष्टकऱ्यांनी आपल्या पोरांना दिली. छत्तीसगड-झारखंडकडे चैतू, फागू, सावन, कार्तिक अशी नावे आढळतात. पुढे लोकसभेत गेलेले कार्तिक उरांव २९ ऑक्टोबर १९२४ रोजी, म्हणजे कार्तिकातच जन्मले. रवींद्रनाथांच्या ‘रक्तकरबी’तला खोदाई कामगारही फागूलालच आहे.

जेथे दप्तरी नोंद नव्हती, तेथे नाव हाच जन्माचा दाखला होता. देशभर जन्मनोंद सक्तीची करणारा कायदा झाला तो १९६९ साली. पण नावात महिना टिकतो, वर्ष टिकत नाही. संघटनेच्या कामात असे किती तरी फागू आम्ही पाहिले. १९९५ च्या योजनेप्रमाणे कामगाराला निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. कचेरी वर्ष विचारते. फागू महिना सांगतो.

आईने तिच्याजवळ होते तेवढे जपले. वर्ष लिहून ठेवणे हे राज्यकर्त्यांचे काम होते. ते त्यांनी केले नाही, त्याचा भुर्दंड फागूने का सोसावा?