नोंद नसलेले मत

सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांचा निवडणुकीतला इतिहास कुणालाही बसल्या जागी मांडता येतो. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेत गेले, १९६७ला पुन्हा निवडून आले, १९७२ला पडले आणि १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग चार विजय. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. पण १९९९पासून २०१४पर्यंतच्या चारही निवडणुका गणपतरावांनीच मारल्या. अकरा विजय, सगळे एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून. १९७८ आणि १९९९ची मंत्रिपदे सोडली, तर बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर गेले. सांगोल्याने त्यांना कधी किती मते दिली, हे निवडणूक आयोगाच्या तक्त्यांत शेवटच्या आकड्यापर्यंत आहे. मात्र याच माणसाने सभागृहात अर्धशतकाच्या काळात शेकडो विधेयकांवर आणि ठरावांवर स्वतःचे मत कुठे टाकले, याचा तक्ता मांडायला घेतला तर हाती फारसे काही लागत नाही. त्यांची भाषणे आणि प्रश्न कार्यवाहीच्या खंडांत आहेत, मत तेवढे नाही. यात त्यांचा काहीच दोष नाही. महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक आमदाराची हीच गत आहे. लोकांनी प्रतिनिधीला दिलेले मत आपण काटेकोर मोजतो आणि प्रतिनिधीने लोकांच्या नावाने दिलेले मत लिहूनही ठेवत नाही. ही आपल्या लोकशाहीतली खरीखुरी उणीव आहे, आणि ती संसदीय पद्धतीबरोबर आपोआप आलेली नाही.

संसदीय पद्धत जिथून आपण घेतली, त्या ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सने १८३६पासून कोणत्या सदस्याने कुठल्या बाजूने मत दिले याच्या याद्या अधिकृतपणे छापायला सुरुवात केली. इथल्या पारतंत्र्यातल्या केंद्रीय विधिमंडळातही मतविभाजन झाले की दोन्ही बाजूंची नावे कार्यवाहीत येत. १९२८च्या सप्टेंबरात सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते ६१ विरुद्ध ६१ अशी समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकले. आज त्या प्रसंगाबद्दल आपण इतक्या ठामपणे बोलू शकतो, ते मते मोजली गेली म्हणून. स्वातंत्र्यानंतर मात्र ही शिस्त सैल झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९नुसार विधिमंडळातला निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो. पण ते मत नावानिशी नोंदवा, असे तिथे म्हटलेले नाही. एका पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या काळात मोजण्याची गरज कुणाला वाटली नाही आणि आवाजी मतदान हाच रिवाज होऊन बसला. अध्यक्ष प्रश्न मांडतात, एका बाजूने ‘होय’ आणि दुसरीकडून ‘नाही’ असा गलका होतो, अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचे जाहीर करतात. निकाल तेवढा कागदावर येतो.

याचा परिणाम सर्वांत ढळढळीतपणे दिसला तो १२ नोव्हेंबर २०१४ रोजी. भाजपने विधानसभेच्या २८८पैकी १२२ जागा जिंकल्या होत्या. म्हणजे एकट्याच्या बळावर देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारकडे बहुमत नव्हते. ४१ आमदारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. शिवसेना त्या दिवशी विरोधात होती. विश्वासदर्शक ठराव आला, अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी तो आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर केले, आणि शिवसेना व काँग्रेसची मतविभाजनाची मागणी गोंधळात विरून गेली. गणपतरावही त्या विधानसभेचे सदस्य होते. राष्ट्रवादीच्या ४१ जणांनी त्या क्षणी ‘होय’ म्हटले, ‘नाही’ म्हटले की गप्प राहिले, हे आज नोंदीवरून कुणालाही सिद्ध करता येणार नाही. ज्या पक्षाविरुद्ध मते मागून हे आमदार निवडून आले, त्याच पक्षाचे सरकार तारण्याचा हा प्रश्न होता. त्यांच्या मतदारांना याचे उत्तर मिळायलाच हवे होते. मोजता येत नव्हते, असे म्हणायलाही जागा नाही. याच सभागृहात जुलै २०२२मध्ये एकेका आमदाराने उभे राहून आपले नाव सांगितले, शिरगणती झाली आणि एकनाथ शिंदे सरकारचा ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाला. कोण कुठे उभा राहिला, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की आमदाराचे मत म्हणजे पक्षाचेच मत, मग ते वेगळे नोंदवून काय मिळणार? १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाण्याची सोय झाली. १९६७नंतर आयाराम-गयारामांनी जो बाजार मांडला होता, तो पाहता हा कायदा अकारण आला असे कुणी म्हणणार नाही. पण या कायद्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. पक्षादेश मोडल्याची शिक्षा द्यायची तर मत कळलेच पाहिजे. म्हणजे आमदाराचे मत कळण्याची गरज आपण मान्य केली, फक्त ते पक्षाला कळावे एवढीच काळजी घेतली. राज्यसभेच्या निवडणुकीत तर हे उघड दिसते. २००३च्या दुरुस्तीनंतर आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. १० जून २०२२च्या निवडणुकीत शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत बाद झाले, ते मतपत्रिका दाखवताना नियम मोडला म्हणून. मतपत्रिका कुणी पाहायची यावर आक्षेप, तक्रारी झाल्या आणि निकाल मध्यरात्र उलटेपर्यंत लांबला. एवढ्या काटेकोर व्यवस्थेत ज्याने त्या आमदाराला निवडून दिले, त्या मतदाराला जागाच नाही.

शिवाय पक्षाचे मत तेच आमदाराचे मत, हे गृहीतकही नेहमी खरे नसते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश झुगारून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांनी योग्य केले की अयोग्य, याचा वाद आपण घालू शकतो, कारण त्यांचे मत आपल्यासमोर आहे. २० सप्टेंबर २०२३ला महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. घटनादुरुस्ती असल्यामुळे विशेष बहुमत लागते, म्हणून ही मोजणी टळू शकली नाही. विरोधातल्या दोन मतांपैकी एक औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे होते. त्यांच्या मतदारसंघातल्या स्त्रीला त्यावरून त्यांना जाब विचारता आला, आणि त्यांनाही आपली कारणे लोकांपुढे ठेवता आली. असे मत देणाऱ्यावर नोंदीने अन्याय होत नाही, उलट त्याला बाजू मांडायला आधार मिळतो.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. अधिवेशने आधीच आखूड, त्यात दर ठरावाला दरवाजे बंद करून डोकी मोजत बसले तर कामकाज होणार कसे? पण लोकसभेत बटण दाबून मत नोंदवण्याचे यंत्र १९५७पासून आहे. शिवाय प्रत्येक किरकोळ सूचनेला मतविभाजन हवे, असे कुणी म्हणत नाही. विधेयकाचा शेवटचा टप्पा, अर्थसंकल्पी मागण्या आणि विश्वास-अविश्वासाचे ठराव, एवढ्यांवर नावानिशी मत घ्यावे आणि ते दुसऱ्या दिवशीच्या कामकाज पत्रकात छापावे. हे ठरवण्यासाठी घटनादुरुस्ती लागणार नाही, सभागृहाचे नियम बदलले तरी पुरे. मतविभाजन मागण्याचा सदस्यांचा हक्क आजही आहे, पण तो अध्यक्षांच्या मर्जीवर कसा टांगलेला राहतो, हे २०१४ला दिसले. राज्यसभेत २० सप्टेंबर २०२०ला शेती विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली, तेव्हाही विरोधकांची मतविभाजनाची मागणी मानली गेली नाही. म्हणून हा हक्क मागण्यावर न ठेवता नियमातच बांधून टाकला पाहिजे. आज खासदार-आमदारांची ‘कामगिरी’ म्हणून हजेरी, विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे मोजली जातात. हे आकडे उपयोगी आहेत, पण प्रश्न विचारून कायदा होत नाही, मत देऊन होतो. दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या आमदाराने पाण्यावर किती वेळा भाषण केले हे कळावे आणि पाण्याच्या कायद्यावर मत काय दिले हे कळू नये, ही रचना बदलण्यासारखी आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार सर्वस्वी विधिमंडळाच्याच हातात आहे.