पन्नास वर्षं आणि पाच दिवस

मँचेस्टरहून लंडनला रेल्वेने जाताना तुम्हाला बऱ्याचदा स्टोक-ऑन-ट्रेंट लागलं असेल. कपबशांचं गाव. तिथल्या हॅन्ली भागात 1915 साली एका न्हाव्याच्या घरी स्टॅन्ली मॅथ्यूज जन्मला. बाप दिवसा दाढ्या करायचा आणि बॉक्सिंगच्या रिंगणातही उतरायचा. पोरांना तो पहाटे उठवून उघड्या खिडकीपाशी व्यायामाला उभं करी.

मार्च 1932 मध्ये, सतराव्या वर्षी, मॅथ्यूज स्टोक सिटीकडून पहिला सामना खेळला. जागा उजव्या कडेची. चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला डावीकडे झुकवायचं आणि आपण उजवीकडून निसटायचं, ही त्याची युक्ती सगळ्या इंग्लंडला पाठ होती. तरी रोज नवा कोणीतरी फसायचाच.

मग महायुद्ध आलं. लीगचे सात हंगाम बुडाले. त्याच्या वयाची चोविशी ते एकतिशी, म्हणजे खेळाडूची ऐन उमेद, हवाई दलाच्या गणवेशात गेली. 1947 साली स्टोकने त्याला साडेअकरा हजार पौंडांना ब्लॅकपूलला विकलं. ब्लॅकपूलच्या मॅनेजरने विचारलं, अजून दोनेक वर्षं निघतील का? नोकरीच्या मुलाखतीत याच प्रश्नाचा जरा सभ्य अवतार तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. मॅथ्यूज तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. ब्लॅकपूलला तो चौदा वर्षं खेळला.

1953 चा एफए कप अंतिम सामना आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. बोल्टन 3-1 ने पुढे, वीसेक मिनिटं उरलेली, आणि ब्लॅकपूल 4-3 ने जिंकलं. खरं तर तीन गोल मॉर्टेन्सनचे. शिवाय बोल्टनचा एक खेळाडू जायबंदी होऊन लंगडत होता आणि बदली खेळाडू घ्यायची तेव्हा मुभा नव्हती. पण विजयी गोलाचा पास अडतीस वर्षांच्या मॅथ्यूजचा. 1956 मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'बालों द'ऑर' पहिल्यांदा दिला गेला, तोही त्यालाच.

गुपित विचाराल तर फार साधं. दारू-सिगारेट नाही, पहाटे पळणं, भाज्या-फळं, आणि दर सोमवारी उपवास. आपल्यासारखाच सोमवार, फक्त साबुदाण्याच्या खिचडीशिवाय! पैसा म्हणाल तर 1961 पर्यंत इंग्लिश खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, आठवड्याला वीस पौंड. मैदानं त्याच्या नावावर भरत, गल्ला मात्र क्लबच्या तिजोरीत जाई.

त्याच वर्षी स्टोकने त्याला परत बोलावलं. क्लब दुसऱ्या श्रेणीत रुतलेला, सामन्याला जेमतेम आठ हजार माणसं. शेचाळिशीचा मॅथ्यूज उतरला त्या दिवशी जवळजवळ छत्तीस हजार आली. 1963 साली स्टोक पहिल्या श्रेणीत चढलं. ते पक्कं करणाऱ्या ल्यूटनविरुद्धच्या सामन्यात एक गोल त्याचा होता, त्या हंगामातला एकुलता एक.

6 फेब्रुवारी 1965 ला फुलहॅमविरुद्ध तो शेवटचा लीग सामना खेळला. वय पन्नास वर्षं, पाच दिवस. आपण जरा लवकरच थांबलो, असं तो नंतर म्हणायचा.

पुढे वर्णभेदाच्या काळात त्याने सोवेटोतल्या काळ्या मुलांचा संघ घडवला आणि 1975 मध्ये त्यांना ब्राझीलला नेलं. ब्राझीलमध्येच 1985 साली तो माजी खेळाडूंच्या सामन्यात उतरला आणि गुडघा दुखावून बसला. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता.