कोराडीची उंच बांधणी

नागपूरच्या उत्तरेला, जगदंबेच्या देवळामुळे विदर्भभर ठाऊक असलेल्या कोराडीत कार्यालयांचे मनोरे नाहीत. तरी उंच बांधणीचे शास्त्र तिथे औष्णिक वीज केंद्राबरोबर १९७०च्या दशकातच पोहोचले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा १२० मेगावॉटचा पहिला संच तिथे १९७४ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास मुंबईत नरिमन पॉइंटला एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी राहत होती. पुढे १९८३ पर्यंत कोराडीत सात संच झाले.

उंच इमारत काय किंवा चिमणी काय, अभियंत्याला खरी झुंज द्यावी लागते ती वाऱ्याशी. स्वतःचे वजन सरळ पायाकडे उतरते; वारा मात्र मनोऱ्याला आडवा ढकलतो आणि उंचीबरोबर त्याचा जोरही वाढतो. शिवाय गोल चिमणीच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात व ती वाऱ्याच्या दिशेला काटकोनात डोलू लागते. मूळचे ढाक्याचे अभियंते फझलूर खान यांनी १९६०च्या दशकात शिकागोत बाहेरच्या भिंतीलाच पोकळ नळीसारखे काम करायला लावले आणि गगनचुंबी इमारतींचे पोलाद वाचवले. काँक्रीटची चिमणी जन्मतःच अशी नळी असते: बुडाशी रुंद व जाड, वर निमुळती.

अशी चिमणी सरकत्या साच्याने चढते. जेमतेम मीटर-सव्वामीटर उंचीचा साचा जॅकवर हळूहळू वर सरकतो, खालचे काँक्रीट तेवढ्यात स्वतःला पेलण्याइतके घट्ट होते. काम रात्रंदिवस चालते, कारण मध्ये थांबले तर सांधा पडतो. कार्यालयी मनोऱ्यांचा लिफ्ट-जिन्यांचा गाभाही अनेकदा याच पद्धतीने बांधतात.

२०१५ ते २०१७ दरम्यान कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आले. या क्षमतेच्या बॉयलरची रचना इमारतीच्या अगदी उलट असते. तो जमिनीवर बसवत नाहीत. पोलादी सांगाड्याच्या माथ्यावरील तुळयांना सळयांनी टांगतात. तापल्यावर तो खाली वीतभर वाढतो. खालून जखडला असता, तर नळ्या वाकल्या असत्या. हजारो टनांचे ओझे लोंबकळत ठेवण्यातले हे धाडस कोणत्याही काचेच्या मनोऱ्यापेक्षा थोर मानावे लागेल.

मात्र चिमणीच्या उंचीचे कारण वेगळे आहे. ५०० मेगावॉट व त्यावरील संचांसाठी नियमाने २७५ मीटर उंची ठरवली, ती धूर वर सोडून विरळ व्हावा म्हणून. उंचीने धूर पांगतो, नाहीसा होत नाही. आसपासच्या गावांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्र सरकारने प्रथमच मर्यादा घातली ती डिसेंबर २०१५ मध्ये.