आगीच्या नळातून आलेली ऊब

एका केंद्रात तापलेले पाणी किंवा वाफ जमिनीखालच्या नळांनी गावातील घराघरांत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला सामुदायिक तापनजाळे म्हणता येईल. अशी जाळी आता भूगर्भातील, सूर्याच्या किंवा जैवइंधनाच्या उष्णतेवर चालू लागल्याने त्यांची कुळकथा साहजिकच गरम झऱ्यांपासून सांगितली जाते, आणि आद्यत्वाचा मान फ्रान्समधील शोद-झेग या गावाकडे जातो, जिथे सुमारे 82 अंश सेल्सिअसच्या झऱ्याचे पाणी 14व्या शतकापासून लाकडी नळांतून घराघरांत खेळवले जात असे. वयाने हा मान रास्तच आहे; तथापि झऱ्याचे पाणी उतारानेच वाहणार, त्यामुळे त्याची ऊब उताराच्या वाटेवरील घरांनाच मिळणार, आणि आजच्या घरजोडणीचे मर्म तर उताराची पर्वा न करता दाबाखाली वाहणारा मुख्य नळ व त्यातून प्रत्येक घरासाठी काढलेली, बंद करता येणारी शाखा हे आहे.

हे मर्म आले ते आग विझवण्याच्या विद्येतून. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्टचा यंत्रज्ञ बर्डसिल हॉली याने उंचावरील टाकीवाचून, पंपांच्या थेट दाबावर शहरभर पाणी पुरवण्याची पद्धत बसवली होती, जेणेकरून रस्त्यावरच्या अग्निनळातून कोणत्याही क्षणी जोरदार धार मिळावी. अशा नळाचे त्याचे पेटंट 1869 सालचे आहे. त्याच हॉलीने 1877 मध्ये लॉकपोर्टच्या रस्त्यांखालून वाफ खेळवली आणि व्यापारी तत्त्वावरील पहिले यशस्वी तापनजाळे उभे केले. पाण्याच्या जागी वाफ आली, पण आराखडा तोच राहिला. नवी अडचण एकच होती, ती म्हणजे तापलेला नळ लांबतो. म्हणून सरकते सांधे लागले, आणि घराची शाखा हलत्या नळाऐवजी स्थिर केलेल्या जागेतून काढावी लागली.

झऱ्यांना मूळपुरुष मानणारे येथे आयडाहो राज्यातील बॉयझी शहर पुढे करतील, कारण 1892 पासून तेथील घरे विहिरींतील सुमारे 77 अंशांच्या पाण्यावर तापू लागली आणि ही उष्णता निःसंशय भूमीची होती. परंतु ते पाणी घरांपर्यंत नेणाऱ्या कंपनीचे नावच ‘आर्टेशियन हॉट अँड कोल्ड वॉटर कंपनी’ असे होते; गार पाणी पुरवणाऱ्यांनीच गरम पाण्याचा व्यवसाय हाती घेतला, आणि नळ कसा टाकावा, शाखा कशी काढावी हे त्यांना शिकावे लागले नाही. हॉलीच्या जलव्यवस्था त्या वेळेपर्यंत अमेरिकेतील अनेक शहरांत पोहोचल्या होत्या. त्यांचा संस्कार बॉयझीपर्यंत गेला असावा, हे अनुमान म्हणूनच बळकट ठरते. अक्षय उष्णतेचे जाळे हे झऱ्याचे आणि जलखात्याचे संयुक्त अपत्य आहे, आणि त्यातही घराशी जोडणारा हात जलखात्याचा आहे.

पुढचे टप्पे सुपरिचित आहेत: 1903 मध्ये डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये कचरा जाळून इस्पितळ तापवले गेले, 1930 मध्ये रेक्याविकमध्ये भूगर्भातील गरम पाणी शहरात आले, आणि 1990च्या दशकात डॅनिश बेटावरील मार्स्टाल गावाने सूर्यतापक आपल्या जाळ्याला जोडले. आता बहुधा जाळ्याचे पाणी घरातील नळांत मिसळत नाही; उष्णता-विनिमयक नावाच्या पातळ पत्र्यांच्या संचातून ते केवळ आपली ऊब देते आणि थंड होऊन दुसऱ्या नळाने केंद्राकडे परतते, तर मीटर वाहिलेले पाणी आणि येत्या-जात्या तापमानांतील फरक यांवरून वापर मोजतो.